फुफ्फुसाच्या कॅन्सरची टार्गेटेड गोळी सुरू आहे? घरी काय बघायचं आणि डॉक्टरांना कधी कळवायचं

टार्गेटेड थेरपीच्या, म्हणजे गाठीतला ठरावीक जनुकीय बदल हेरून काम करणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या घरांत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, तोंडावर पुरळ उठलं की घाबरून गोळी बंद करणारी. दुसरी, दिवसातून सात-आठदा संडासला पळत असूनही डॉक्टरांपुढे "सगळं ठीक आहे" म्हणणारी, कारण सांगितलं तर गोळी काढून घेतील अशी त्यांना धास्ती असते. सोलापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला दुसऱ्यांचीच काळजी जास्त वाटते. पहिल्यांना समजावता येतं. दुसऱ्यांचं कळतं तेव्हा सलाइनची वेळ आलेली असते.

लक्षण वेळेवर सांगितलं तर बहुतेक वेळा गोळी चालूच राहते. सोबत एखादं मलम येतं, फार तर काही दिवसांची विश्रांती किंवा डोस एक पायरी खाली. अफॅटिनिब ४० मिलिग्रॅमवरून ३० वर आणणं ही कॅन्सरच्या ओपीडीत नेहमीची गोष्ट आहे, त्याने उपचार फसला असं होत नाही. दाबून ठेवलेलं लक्षण मात्र वाढत जातं आणि मग गोळी खरंच थांबवावी लागते. पुढचं सगळं घरातल्या त्या माणसासाठी लिहितोय, जो फाइल सांभाळतो, औषधं आणतो आणि रात्री पेशंट खोकला की जागा होतो.

पहिलं काम: गोळी कुठली ते नीट वाचा

फाइलमध्ये म्युटेशनचा, म्हणजे गाठीच्या जनुकातल्या बदलाचा, रिपोर्ट असतो, तो शोधा. भारतात ॲडेनोकार्सिनोमा या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या नेहमी दिसणाऱ्या प्रकारात साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये, काही ठिकाणी त्याहून जास्त जणांत, ईजीएफआर जनुकातला बदल सापडतो. कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांत आणि बायकांत हे प्रमाण आणखी वाढतं. एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल त्यापेक्षा बऱ्याच कमी जणांत असतो.

ईजीएफआरसाठी जेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफॅटिनिब, ओसिमर्टिनिब. एएलकेसाठी क्रिझोटिनिब, सेरिटिनिब, अलेक्टिनिब, ब्रिगॅटिनिब, लोरलॅटिनिब. दुकानात ब्रँडची नावं वेगळी असतात, म्हणून स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवून ठेवा. लक्षणं गोळीप्रमाणे बदलतात. शेजारच्या पेशंटला जे झालं ते आपल्याला होईलच असं नाही.

ईजीएफआर हे प्रथिन नुसतं गाठीत नसतं. कातडीत, आतड्याच्या अस्तरात, नखाच्या मुळाशी, तोंडातही असतं. गोळी तिथेही काम करते, म्हणून पुरळ, जुलाब आणि नखं सुजणं हे तिन्ही एकाच पेशंटला होतं. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय" असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं, आणि मग सब्जा, गुलकंद सुरू होतं. त्याने फार बिघडत नाही, पण पुरळही जात नाही.

दुसरं: गोळी सुरू व्हायच्या आधीचे आकडे लिहून ठेवा

हे कुणी करत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. वजन, बीपी, नाडी, बसल्या जागी बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा, दिवसाला संडासला किती वेळा जायची सवय आहे, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं. ज्याचा ऑक्सिजन मुळातच ९४ असतो त्याचा ९३ आला तर घाबरायचं कारण नाही. ज्याचा ९८ असतो त्याचा ९४ आला तर फोन उचलायचा. मूळ आकडाच माहीत नसेल तर यातलं काहीच ठरवता येत नाही.

डॉक्टर बहुधा लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, ईसीजी आणि काही गोळ्यांसाठी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतात. ओसिमर्टिनिबने काही जणांत हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते किंवा ईसीजीतलं एक अंतर लांबतं, म्हणून. "छाती दुखत नाही, मग इको कशाला?" असं म्हणून तपासणी टाळू नका.

तिसरं: पोट रिकामं की भरलेलं

एर्लोटिनिब आणि अफॅटिनिब रिकाम्या पोटी घ्यायचं: जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. चहा-खारी हेसुद्धा जेवणच धरा. जेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब कसंही चालतं, फक्त रोज एकाच वेळी. अलेक्टिनिब आणि सेरिटिनिब मात्र जेवणासोबतच. अलेक्टिनिब दिवसातून दोनदा असतं, त्यामुळे एकादशीचा उपास करणाऱ्यांची पंचाईत होते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढीचा उपास सोडवत नाही, हे मला कळतं. त्या दिवशी निदान उपासाचं पोटभर खाऊन त्यावर गोळी घ्या. रोजे धरणाऱ्यांनी रमजान लागायच्या आधीच डॉक्टरांशी वेळा ठरवून घ्याव्यात.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दिवसातून एकदाच्या जेफिटिनिब-ओसिमर्टिनिबसारख्या गोळीला पुढच्या वेळेपर्यंत बारा तासांहून जास्त अवकाश असेल तर आठवल्यावर घ्या, नाहीतर सोडून द्या. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा घ्यायची नाही, पुढची ठरल्या वेळी.

आणि उन्हाळा. बहुतेक स्ट्रिपवर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या घरात दुपारी वेगळं सांगायला नको. फळीवर, टीव्हीवर, खिडकीत गोळ्या ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीतलं कोरडं कपाट बघा. माठाजवळ नको, तिथे ओल असते.

पुरळ: लवकर येतं, दिसतं वाईट, आवरतं चांगलं

ईजीएफआरच्या गोळीनंतर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत नाक, गाल, कपाळ, छाती आणि पाठीवर मुरमांसारखे पुळ्यापुळ्यांचे लाल चट्टे येतात. ओसिमर्टिनिबला हे कमी, अफॅटिनिब-एर्लोटिनिबला जास्त. हे संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, नातवंडांना लांब ठेवायची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण घरातली माणसं तोंडाने बोलत नाहीत पण टॉवेल वेगळा करतात, आणि पेशंटला ते कळतं.

पहिल्या दिवसापासून, म्हणजे पुरळ यायच्या आधीच: आंघोळ कोमट पाण्याने, साबण सौम्य आणि बिनवासाचा, अंग घासायचं नाही, टिपायचं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर, आणि झोपताना पुन्हा एकदा. घराबाहेर पडण्याआधी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, डोक्याला टोपी किंवा पदर, अंगभर सुती कपडे. सोलापूरच्या उन्हात सकाळी अकरा ते चार बाहेरची कामं दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

मुरमं समजून मुरमांचं क्रीम लावू नका. त्यातलं बेन्झॉइल पेरॉक्साइड कातडी आणखी कोरडी करून फाडतं. आणि तीन-चार औषधं एकत्र असलेली ती खाजेची ट्यूब, जी प्रत्येक घरात अर्धी वापरून ठेवलेली असते, तीही नको. डॉक्टर बहुधा सौम्य स्टिरॉइडचं क्रीम, क्लिंडामायसिनचं मलम, किंवा पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन लिहून देतात. काही डॉक्टर ते पुरळ यायच्या आधीपासूनच देतात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकलं तर जखम होते. दूध किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधासोबत ते घेऊ नये. त्याने ऊनही जास्त बाधतं.

किती पुरळ म्हणजे जास्त? पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. पुरळ दहा तळहातांपेक्षा कमी भागावर असेल आणि झोप लागत असेल, तर पुढच्या भेटीत दाखवलं तरी चालेल. त्याहून पसरलं, झोप मोडू लागली, तर दोन दिवसांत फोन. तीस तळहातांहून जास्त, पू, ताप, फोड येऊन कातडी सुटणं, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा: त्याच दिवशी दवाखाना. दिवसा उजेडात फोटो काढून ठेवा, मुंबईच्या डॉक्टरांना तो पाठवता येतो.

"पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडतेय" असं काही जण म्हणतात. एर्लोटिनिबच्या अभ्यासांत तसा संबंध दिसला आहे, हे खरं. पण ज्यांना पुरळ येत नाही त्यांनी धीर सोडायचं कारण नाही. गोळी लागू पडते की नाही ते स्कॅन सांगतो.

जुलाब: आपल्याकडे यालाच सगळ्यात घाबरायचं

इतर गावांतही जुलाब होतात, पण ४२ अंशांत ते वेगळेच असतात. शरीरातलं पाणी दोन्ही बाजूंनी जातं आणि किडनीवर ताण येतो. त्यात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, साठवलेलं पाणी पिण्यात असतं, त्यामुळे जुलाब गोळीचे की पाण्याचे, हाही प्रश्न उभा राहतो. पेशंटचं पिण्याचं पाणी उकळूनच द्या. ताप, कळ येऊन पोट दुखणं, शौचात रक्त किंवा आव, घरात आणखी कुणाला जुलाब: यातलं काही असेल तर संसर्गाचा संशय घ्या आणि थांबवायची गोळी न देता डॉक्टरांकडे जा.

ताप आणि रक्त नसेल तर पहिल्या पातळ शौचापासूनच कामाला लागा. ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, लहान २०० मिलिलिटरसाठी. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने ढवळणं बंद करा, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की जुलाब वाढू शकतात. बनवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. कोल्ड्रिंक किंवा दुकानातला गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवा. नेहमीची पद्धत अशी: २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सुरुवातीला, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला जास्तीत जास्त आठ. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

खाण्यात मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, केळं, पातळ ताक. दूध, तळलेलं, कच्ची कोशिंबीर काही दिवस बाजूला. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपली जीव की प्राण, पण जुलाब थांबेपर्यंत भाकरीतला कोंडा आणि चटणीतलं तेल-तिखट दोन्ही नकोत. पेशंट रुसतो. रुसू द्या.

मोजायचं कसं? नेहमी एकदा जाणारा माणूस दिवसाला पाच वेळा गेला, म्हणजे चारने वाढ, तर त्याच दिवशी फोन. सातने किंवा जास्त वाढ, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी गडद आणि फार कमी, तोंड सुकलेलं, किंवा लोपेरामाइड चालू असूनही दोन दिवसांत फरक नाही: सरळ हॉस्पिटल. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन जुलाबात किडनीला आणि बीपीला त्रासदायक ठरू शकतात. फोनवर "या गोळ्या पण चालू आहेत, ठेवू का?" हे आठवणीने विचारा.

नखं, तोंड, डोळे

नखांच्या कडा सुजणं उशिरा येतं, एक-दोन महिन्यांनी. लोकांना ते किरकोळ वाटतं. पण सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या बाईला बोटाने पान मुडपावं लागतं, लूमवर काम करणाऱ्याला तुटलेल्या सुताची गाठ बोटांच्या टोकांनीच मारावी लागते. त्यांच्यासाठी हे हातातलं काम जाण्याइतकं मोठं असतं. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, चपला सैल वापरा, भांडी-धुणं करताना हातमोजे घाला. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या तर रात्री व्हॅसलिनसारखं जाड मलम लावून सुती मोजे घाला. पू दिसला किंवा नखाशेजारी लाल मांस वाढलं तर दाखवा. घरी सुईने फोडायचं नाही.

तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. मऊ ब्रश. मशेरी बंद, हे सांगताना बायका हसतात, पण बंदच. तंबाखूच्या धुराने तर एर्लोटिनिबचं रक्तातलं प्रमाणही खाली येतं.

डोळे कोरडे पडतात, पापण्यांचे केस लांब होऊन आत वळतात आणि बुबुळावर घासतात. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसवत नाही, अंधुक दिसतं, असं झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मेडिकलमधून आपल्या मनाने ड्रॉप्स नेऊ नका. मागितले तरी मी देत नाही.

श्वास: इथे वाट बघायची नाही

शंभरातल्या थोड्याच पेशंटमध्ये, पण कुठल्याही टार्गेटेड गोळीने, फुफ्फुसाला सूज येऊ शकते. पहिल्या तीन महिन्यांत धोका जास्त. कोरडा खोकला अचानक वाढतो, काल जिथे थांबावं लागत नव्हतं तिथे आज दम लागतो, सोबत कधी ताप. अडचण अशी की आजार फुफ्फुसाचाच, त्यामुळे घरचे म्हणतात, "खोकला तर आधीपासूनच आहे." म्हणून तर सुरुवातीचे आकडे लिहायला सांगितले.

दम नव्याने लागला किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा ३-४ ने खाली आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, आणि ते सांगेपर्यंत पुढची गोळी घेऊ नका. गोळी आपण होऊन थांबवावी असा हा जवळपास एकच प्रसंग. छातीचा सीटी स्कॅन करून सूज, न्यूमोनिया की आजाराची वाढ हे ठरतं आणि उपचार तिन्हींचे वेगळे असतात. बसल्या जागी धाप, ओठ निळसर, एका पायाला सूज येऊन अचानक दम, खोकल्यातून बरंच रक्त: १०८ ला फोन करा. एका पायाची सूज म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती फुफ्फुसात सरकते, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये, त्यातही एएलकेच्या पेशंटमध्ये, हा धोका जास्त असतो.

खोकला दोन आठवडे चालला म्हणून कुणी टीबीचं औषध सुरू करायचं म्हणत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, खराही असू शकतो. पण रिफॅम्पिसिन यातल्या बऱ्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण एकदम खाली आणतं. फिटसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तसंच.

एएलकेच्या गोळ्यांचं वेगळं

क्रिझोटिनिबने अंधारातून उजेडात येताना डोळ्यांपुढे झगमग दिसते. बहुधा निरुपद्रवी असते, पण रात्री गाडी चालवू नका. मळमळ होते, दोन्ही पायांना सूज येते. अलेक्टिनिबने बद्धकोष्ठता, अंग दुखणं, नाडी मंद होणं. अंगदुखीसाठी रक्तातली सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढते ती) तपासतात, म्हणून "वयामुळे दुखतं" म्हणत पेनकिलर खात बसू नका. ऊनही फार लागतं. लोरलॅटिनिबने कोलेस्टेरॉल वाढतं, आणि काही जण विसरभोळे, चिडके होतात, शब्द आठवत नाहीत. घरच्यांना हा स्वभावातला बदल वाटतो. डोस कमी केला की बरेचदा निवळतो.

काढे, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि बाकी पिशवी

सकाळी उठल्या-उठल्या पॅन्टोप्राझोल घेणं ही आपल्याकडे सवयच झाली आहे. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे ही सवय गोळीच्या आड येते. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर तेही सांगा.

डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगाला खाज, जेवण नको: हे लिव्हरचं. लगेच रक्त तपासा. काविळीचं गावठी औषध घ्यायला कुठे जाऊ नका, आणि गुळवेलीचा काढा चालू असेल तर बंद करून डॉक्टरांना सांगा. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच झालेल्या आहेत. गोळी आणि काढा दोन्ही चालू असताना लिव्हर बिघडलं तर दोष कुणाचा हे ठरवता येत नाही, आणि थांबवली जाते ती गोळी.

पैशासाठी गोळी लांबवणं

एक लक्षण औषधाचं नसतं. स्ट्रिप महाग, म्हणून पेशंट दिवसाआड गोळी घेऊन महिन्याचे दोन महिने करतो, आणि घरातही सांगत नाही. स्ट्रिपमधल्या गोळ्या अधूनमधून मोजा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरची कस्टम ड्यूटी काढली, तरी खर्च मोठाच आहे. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल असो की परळचं टाटा, तिथल्या समाजसेवकांना भेटा. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि कंपनीची मदत योजना आहे का, ते विचारा. जेफिटिनिबसारख्या काही गोळ्यांचे स्वस्त जेनेरिकही मिळतात, पण गोळी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

त्रास औषधाचा की आजाराचा

औषधाचे त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि डोसबरोबर कमी-जास्त होतात. सगळं सुरळीत चालू असताना, कित्येक महिन्यांनी, नवं काही सुरू झालं तर आजाराकडे बघावं लागतं. पहाटेची डोकेदुखी आणि उलटी, तोल जाणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, फिट: आजार मेंदूत गेल्याची शंका. पाठ दुखून पाय लटपटणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं: मणक्यावर दाब, यात तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट बघू नका. वजन उतरणं, आवाज बसणं, हाडात ठरावीक जागी रात्रीचं दुखणं: आठवड्याभरात दाखवा. गोळीला आजार सरावतो हे या उपचारात अपेक्षितच असतं. तेव्हा पुन्हा बायोप्सी किंवा रक्तावरून म्युटेशन तपासून पुढची गोळी किंवा केमो ठरते.

रात्री नेण्याची चिठ्ठी

बहुतेकांचे मोठे डॉक्टर मुंबई-पुण्यात, आणि त्रास होतो तो रात्री दोनला, सोलापुरात. सिव्हिलच्या किंवा कुठल्याही कॅज्युअल्टीतल्या ड्यूटी डॉक्टरला या गोळ्यांची रोज गाठ पडते असं नाही. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पेशंटच्या पाकिटात आणि दाराशेजारी खिळ्याला ठेवा: फुफ्फुसाचा कॅन्सर, म्युटेशनचं नाव, गोळीचं मूळ नाव आणि डोस, कधीपासून चालू, बाकीच्या सगळ्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, नेहमीचा ऑक्सिजन आणि बीपी, कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तरी चिठ्ठी मराठी किंवा इंग्रजीत असू द्या. सोबत गोळीची रिकामी स्ट्रिप न्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तपासणीला निघालात तर चार दिवसांच्या जादा गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. नव्या स्ट्रिपसाठी दुकानात आठ दिवस आधी सांगा. ही औषधं इथे मागवून आणावी लागतात, आणि रविवार मध्ये आला की दोन दिवस सहज जातात.